चिंध्यांची बाजू

मराठीत म्हणींना तोटा नाही असे म्हणतात. माझ्या वाट्याला मात्र जन्मभर एकच आली : ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ बारशाच्या दिवशी आत्याने एका कानात माझे नाव सांगितले, त्याच वेळी आप्पांनी दुसऱ्या कानात ही म्हण सांगून टाकली असावी. कारण पुढे नावाने मला फारसे कोणी ओळखले नाही, म्हणीने मात्र सगळ्यांनी ओळखले.

आठवीत मी तबला शिकायला जाऊ लागलो. पहिला कायदा हाताला बसतो न बसतो तोच चाळीच्या गणपतीत एकांकिका निघाली आणि तबला माळ्यावर गेला. एकांकिकेचा पडदा रंगवता रंगवता आपण चित्रकलेची इंटरमीजिएट द्यावी असे वाटू लागले. चित्रकलेच्या क्लासात एकाकडे माउथऑर्गन होता. असे करत करत मी मॅट्रिकपर्यंत पोचलो. प्रत्येक वळणावर आप्पा खांद्यावर पंचा टाकून दारात उभे आणि तीच म्हण, त्याच पट्टीत. शेवटी बी.कॉम. होऊन मी बँकेत चिकटलो तेव्हा म्हणाले, “चला, एक तरी धड झालं.” ते धड मी छत्तीस वर्षे सांभाळले. त्याच्यावर डोके आहे की नाही याची चौकशी बँकेने कधी केली नाही.

आता सत्तरी आली. वाटले होते, आप्पांबरोबर म्हणही गेली असेल. पण म्हणी काही अशा जात नाहीत. त्यांची फक्त भाषांतरे होतात. गेल्या रविवारी जावईबापू चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “बाबा, चिऊचा फोकस नाहीये.” चिऊ म्हणजे आमची नात, वय वर्षे पंधरा. ती कीबोर्ड वाजवते, बादल्या उलट्या घालून त्यांच्यावर ढोल बडवते, बाहुल्यांचे कपडे शिवते आणि सोसायटीच्या वॉचमनवर तिने सात मिनिटांचा सिनेमा काढला आहे. (वॉचमन त्यात पाच मिनिटे झोपलेला आहे. म्हणजे सिनेमा वास्तववादी आहे.) जावईबापूंनी या सगळ्याचा लॅपटॉपवर तक्ता केला होता आणि एक सोडून बाकीचे रकाने उडवायचे होते. कोणते ठेवायचे याबद्दल माझे मत विचारले. मुलगी आणि आमची ही, दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. आणि मी, ज्याने छत्तीस वर्षांत मॅनेजरपुढे आवाज चढवला नाही, तो मी उठलो, कपाट उघडले आणि फ्रँक झॅपाची रेकॉर्ड बाहेर काढली.

ही रेकॉर्ड मी १९७९ साली चोर बाजारात बारा रुपयांना घेतली. संगीतासाठी नव्हे, सोफ्यासाठी. तिच्या वेष्टनावर अंतराळात तरंगणारा एक लालसर सोफा आहे. त्या काळी गिरगावात आमच्या दोन खोल्यांत सोफा नव्हता आणि यायची शक्यताही नव्हती. म्हटले, निदान चित्रातला तरी असू दे. रेकॉर्डचे नाव ‘वन साइज फिट्स ऑल’, म्हणजे ‘एकच माप सर्वांना होते’. रेडीमेड शर्टाच्या दुकानातली पाटी वाटावी असे नाव. घरी आलो, आप्पांची भीमसेनांची रेकॉर्ड आदराने उतरवली आणि ही चढवली. ‘इंका रोड्स’ नावाचे पहिलेच गाणे. आधी एक माणूस उडत्या तबकड्यांविषयी गातो, मध्येच मरिंबा नावाचे लाकडी पट्ट्यांचे वाद्य कोणीतरी डोक्यात वारे शिरल्यासारखे वाजवते, मग ताल लंगडतो, मग सगळे थांबून एक लांबलचक, शांत गिटार सुरू होते आणि आपल्याला वाटते की आता आपण निजणार, तोवर पुन्हा पहिली धावपळ. आप्पा पंचाने तोंड पुसत बाहेर आले. पाच मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “ही रेकॉर्ड एक आहे की चार?”

त्या दिवशी मला उत्तर आले नाही. आज येते. ते आप्पांना देता येत नाही, म्हणून जावईबापूंना दिले आणि आता तुम्हाला देतो.

हा झॅपा (नावातच झापणे आहे, आणि माणूस नावाला जागला) १९४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला जन्मला आणि १९९३ च्या डिसेंबरात, त्रेपन्नावा वाढदिवस सतरा दिवसांवर असताना, कर्करोगाने गेला. पहिली रेकॉर्ड १९६६ ची. म्हणजे हातात सत्तावीस वर्षे. एवढ्यात त्याने साठाच्या वर रेकॉर्डी काढल्या. मेल्यावर कपाटातून निघाल्या त्या धरल्या तर शंभराच्या वर जातात. आमच्या बँकेतले लोक एवढ्या वर्षांत एलटीसीचे फॉर्मसुद्धा इतके भरत नाहीत. आणि त्या रेकॉर्डींत आहे काय? रॉक आहे. मोठ्या वाद्यवृंदाचा जॅझ आहे. १९५० च्या सुमारास पोरे कोपऱ्यावर उभी राहून म्हणत तसल्या गोडगोड प्रेमगीतांची एक अख्खी रेकॉर्ड आहे. तीन तबकड्या भरून नुसते गिटार आहे. एक सिनेमा आहे. मुलीला घेऊन केलेले, पोरींच्या बोलण्याची नक्कल असलेले १९८२ चे एक गाणे आहे. ते एवढे गाजले की गंभीर चाहत्यांना लाज वाटली. १९८३ साली स्वतःच्या खिशातले पैसे घालून लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेल्या रचना आहेत. आणि १९८४ साली तर याने कमाल केली. अठराव्या शतकात मिलानचा फ्रान्चेस्को झॅपा नावाचा एक विस्मृत संगीतकार होऊन गेला. आडनावापलीकडे नाते नाही. पण याने त्याच्या रचना शोधून काढल्या, सिंक्लाव्हिअर नावाच्या संगणकी वाद्यावर बसवल्या आणि रेकॉर्ड काढली. आपल्याकडे आडनावबंधू भेटला तर फार तर लग्नाची बोलणी होतात.

त्याच वर्षी पॅरिसचा पिएर बुलेझ, म्हणजे आधुनिक पाश्चात्त्य संगीतातले कडक सोवळे, याच्या रचना वाजवत होता. त्यातली एक खुद्द बुलेझने मागणी करून लिहवून घेतलेली. एवढ्या मोठ्या माणसाने मागितली तर आपण काहीतरी ‘ऋतुचक्र’ वगैरे दिले असते. याने दिले काय? घरोघर फिरणारा व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता आणि दार उघडणारी गबाळी गृहिणी, यांच्या भेटीचे संगीत. आणि ते विनोद म्हणून नव्हे. कागदावर बघाल तर हातपाय गळतील असे अवघड.

इथे जावईबापू म्हणाले, “पण बाबा, हेच तर. एकात मास्टरी केली असती तर?”

आता याच प्रश्नावर माझा खरा राग आहे. कारण यात एक गृहीत धरलेले असते, की दहा गोष्टी करणारा प्रत्येक गोष्ट दहाव्या हिश्शाने करतो. हा हिशेब बँकेत चालतो. मी स्वतः चालवला आहे. कामाच्या बाबतीत चालत नाही. झॅपाने १९७६ साली ‘ब्लॅक पेज’, म्हणजे ‘काळे पान’, नावाची रचना आधी नुसत्या ड्रमसाठी लिहिली. नाव काळे पान, कारण कागदावर सुरांची चिन्हे इतकी दाटीने बसली आहेत की पान काळे दिसते. पुढे तिचीच एक सोपी, नाचता येईल अशी आवृत्ती काढली. ती वाजवतानाही भल्याभल्यांना घाम फुटतो. याच्या वाद्यवृंदात शिरायचे म्हणजे आठवड्यांमागून आठवडे, दिवसाचे कितीतरी तास तालीम. दौऱ्यावर कोणी अमली पदार्थ घेतले तर नारळ. साठ-सत्तरच्या दशकात, केस एवढे वाढवलेल्या माणसाने हा नियम केला होता, हे जरा नीट वाचा. हा स्वतः कॉफी, सिगरेट आणि कोरे संगीताचे कागद यांवर जगत असे. सिगरेटचे समर्थन मी करत नाही.

म्हणजे मुद्दा हा, की म्हणीतला ‘भाराभर’ हा शब्द कोणी वाचतच नाही. सगळे ‘चिंध्या’वर घसरतात. अहो, भारा आहे तो! तो वाहून आणायला पाठीत दम लागतो. ज्यांच्या घरात आयुष्यभर एक चिंधीसुद्धा निघाली नाही, तेच लोक हात मागे बांधून दुसऱ्याचा भारा मोजायला येतात. आणि आमच्या लहानपणी चाळीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई येत असे, तिला विचारा. चिंध्यांचे बोचके दिले की ती पातेले देई. एक धड धोतर घेऊन गेलात तर वाटीसुद्धा मिळत नसे.

समोरच्या ब्लॉकमध्ये एक गृहस्थ आहेत, संगीताचे मोठे दर्दी. त्यांचे आणि माझे यावर एकदा गॅलरीत वाजले. ते म्हणाले, आपल्याकडे बारा बारा वर्षं एक राग घोटतात, म्हणून आपलं संगीत खोल. मान्य. शंभर टक्के मान्य. पण तुम्ही घोटला का? मी विचारले. ते म्हणाले, मी श्रोता आहे. म्हणजे बारा वर्षे घोटायचे दुसऱ्याने आणि खोली यांची! याच झॅपाने १९७९ साली एल. शंकर या आपल्या व्हायोलिनवाल्याची ‘टच मी देअर’ ही रेकॉर्ड निर्मिली. शंकर म्हणजे कर्नाटक संगीतात मुरलेल्या घराण्यातला, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर ‘शक्ती’त वाजवणारा. ज्यांनी खरोखर घोटले होते ते तिकडे जाऊन यांच्यात मिसळत होते. सोवळे सुटण्याची भीती फक्त गॅलरीतल्यांना.

आता खोटे कशाला बोलू? झॅपाच्या सगळ्याच चिंध्या काही पैठणीच्या नव्हत्या. बरीच गाणी चावट आहेत, आणि चावटपणाचे मी फारसे मनावर घेत नाही. पण काहींत बायकांविषयी जे आहे ते चावट नव्हे, ओंगळ आहे, आणि ती मी हिच्यासमोर लावत नाही. एकटा असतानाही लावत नाही. काही रेकॉर्डी ऐकताना वाटते की ही कपाटातच राहिली असती तरी जगाचे काही अडले नसते. ‘इतके केले म्हणून त्यात वाईटही निघाले’, हे विरुद्ध पक्षाचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे. पण त्यांचा पुढचा निष्कर्ष, की कमी केले असते तर फक्त चांगलेच निघाले असते, हा कुठून आला? कमी केले असते तर कमी निघाले असते. त्यात वाईटच उरले असते कशावरून नाही?

आणि चिंध्या चिंध्या म्हणता, तर माझ्या आजीची गोधडी पाहा. मधोमध तिचे लग्नातले लुगडे, कडेला आजोबांचे धोतर, एका कोपऱ्यात माझ्या बारशाचे अंगडे. सगळ्यांतून जाणारा धावदोरा मात्र एक. झॅपाचा धावदोरा आहेच. एका रेकॉर्डीतले कुत्रे दुसऱ्या रेकॉर्डीत भुंकते. एकीतला सूर दहा वर्षांनी तिसरीत वेगळ्या कपड्यांत येतो. आपले सगळे काम मिळून एकच काम आहे असे तो सरळ सांगत असे. आणि ‘इंका रोड्स’मधले ते शांत गिटार, ज्याने मी निजणार होतो, ते त्या गाण्याबरोबर वाजवलेलेच नाही. गाण्याचा पाया लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाला आणि ते गिटार १९७४ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या कार्यक्रमात वाजले. याने ते तिथून कापले आणि इथे शिवले. आप्पा, तुमचा कान बरोबर होता. शिवण तुम्हाला ऐकू आली. फक्त तिला गोधडी म्हणतात हे कोणी सांगितले नाही.

सरकारदरबारी तर याहून मजा. १९८५ साली अमेरिकेत काही वजनदार लोकांच्या बायकांनी टूम काढली, की पोरे बिघडतात म्हणून रेकॉर्डींवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लावाव्यात. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. झॅपा केस कापून, सूट-टाय घालून गेला, घटनेतली भाषणस्वातंत्र्याची तरतूद वाचून दाखवली आणि सगळ्यांना यथास्थित झापले. इथपर्यंत कोणीही कर्तबगार वकील करील. पण हा घरी आला, त्या सुनावणीतले सिनेटरांचे आवाज कापले, उलटेसुलटे जोडले आणि बारा मिनिटांची रचना करून त्याच वर्षी रेकॉर्डीत घातली. टेप कापायची अक्कल नसती तर ते भाषण नुसते इतिवृत्तात पडून राहिले असते.

शिवाय चिंधी कुठे उडून जाईल हे चिंधीवाल्यालाही ठाऊक नसते. १९६७ साली झॅपाने ‘प्लॅस्टिक पीपल’ नावाचे एक टवाळ गाणे काढले. त्यावरून प्रागमध्ये काही पोरांनी आपल्या बँडचे नाव ठेवले ‘प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. १९७६ साली तिथल्या कम्युनिस्ट सरकारने त्यांना पकडून खटला भरला, तुरुंगात टाकले. त्या खटल्याने चिडून व्हाक्लाव हावेल आणि इतर लेखक-विचारवंत एकत्र आले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचे निवेदन निघाले. पुढे हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. १९९० साली झॅपा प्रागला गेला तेव्हा लोक विमानतळावर लोटले, आणि हावेलने त्याला आपल्या देशाचा व्यापार-संस्कृतीचा खास दूत नेमला. अमेरिकन सरकारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते पद फार दिवस टिकले नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत फौजा निघाल्या तेव्हा प्रागच्या कार्यक्रमात त्याने पुन्हा गिटार हातात घेतली. असे धड असते का, सांगा.

“बाबा, तो झॅपा होता,” जावईबापू म्हणाले. बरोबर आहे. हा मुद्दा मला येणारच होता, आणि तो आला तेव्हा आत कुठेतरी लागलाही. कारण मी झॅपा नव्हतो. माझा तबला, माझा पडदा, माझा माउथऑर्गन, या खरोखरच चिंध्या होत्या. आप्पांचे चुकले असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण पंधराव्या वर्षी झॅपा तरी कुठे झॅपा होता? त्याने मासिकात वाचले, की एडगार व्हारेज नावाच्या माणसाची एक भयंकर रेकॉर्ड आहे, तिच्यात नुसते ढोल, घंटा नि भोंगे आहेत. वर्षभर शोधून ती एका दुकानात सापडली. किंमत ५ डॉलर ९५ सेंट, खिशात ३ डॉलर ८०. दुकानदाराने तेवढ्यात दिली. नाहीतरी कोण घेणार होते? पंधराव्या वाढदिवसाला आई म्हणाली, पाच डॉलरपर्यंत काय हवे ते माग. पोराने मागितला ट्रंक कॉल. कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला, व्हारेजच्या घरी! व्हारेज तेव्हा ब्रसेल्सला गेलेला, त्याच्या बायकोशीच बोलावे लागले.

आता त्या आईच्या जागी आपण स्वतःला ठेवू. पोरगा ड्रम बडवतो, घरात भोंग्यांची रेकॉर्ड लावतो आणि वाढदिवसाला एका अनोळखी म्हाताऱ्याला फोन करायला पैसे मागतो. तक्त्यात हा रकाना आपण ठेवला असता का? आणि त्यानंतर आठ वर्षांनी, १९६३ साली, तोच पोरगा टेलिव्हिजनवर जाऊन चक्क सायकल वाजवतो. चाकाच्या तारा छेडतो, त्यांच्यावर गज फिरवतो, हँडलमध्ये फुंकतो आणि सूत्रधार त्याची यथेच्छ टिंगल करतो. आप्पा ते बघते तर म्हण अर्धीच म्हणून खाली बसले असते.

पंधराव्या वर्षी कुठली चिंधी आणि कुठली पैठणी हे पोराला कळत नाही, बापाला कळत नाही आणि आजोबाला तर मुळीच कळत नाही. एवढेच मी जावईबापूंना म्हणालो. जरा मोठ्याने म्हणालो असेन. हिने आतून पाणी आणून दिले.

चिऊ हा सगळा वेळ मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली होती. लक्ष नाही असे वाटत होते. अर्ध्या तासाने ती आली आणि म्हणाली, “आजोबा, ऐका.” आधी माझ्या रेकॉर्डीची जुनी खरखर. मग उलट्या बादल्या. आणि त्यांच्यावर तिच्या बाबांचा आवाज, कापून, उलटसुलट जोडून : “फो... फो... फोकस नाहीये... नाहीये... फो... हिचा फो...” मध्येच माझे “भारा आहे तो!” आणि हिचे “पाणी घ्या.”

जावईबापूंनी ते दोनदा ऐकले. हसावे की रागवावे हे त्यांना ठरवता येईना. मग लॅपटॉप उघडून म्हणाले, “पण हे कुठल्या रकान्यात टाकायचं?”

“पुन्हा लाव,” मी चिऊला म्हटले आणि सोफ्याच्या हातावर ठेका धरला. तिसऱ्या आवर्तनात सम चुकली.